आवारातील तीन गाड्या

गडहिंग्लजच्या आमच्या घरामागे पत्र्याची एक लांबट शेड आहे. आजोबांच्या काळी तीत गुळाचे रवे आणि मिरचीची पोती रचलेली असत. अडतीचा व्यवसाय बंद झाल्यावर शेड रिकामी झाली आणि हळूहळू तीन मोटारींनी ती व्यापली. पहिली आजोबांची १९६८ सालची अँबेसिडर. दुसरी काकांची स्टँडर्ड हेराल्ड. काकांना अपत्य नव्हते, त्यामुळे त्यांच्या मागे ती आमच्याकडे आली. तिसरी माझ्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. या गाडीला आमच्या घरात कोणीही पद्मिनी म्हटले नाही. ती नेहमी ‘फियाट’च राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात शेडचा पत्रा उडाला. पत्रा बदलायचा तर गाड्या हलवायला हव्यात, आणि हलवायच्या तर त्यांचे पुढे काय करायचे हे ठरवायला हवे, असे घरात बोलणे निघाले. परदेशी असलेल्या माझ्या धाकट्या भावाने दूरध्वनीवर सांगितले, “ताई, एक गाडी पूर्ववत करू. खर्च मी देतो. पण एकच. कोणती, ते तू ठरव.”

वरवर पाहता हा सुखाचा प्रश्न होता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण गाडी आणि अप्पा हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या मनात एक जुने शल्य हलत असे.

अप्पा सत्तेचाळीस वर्षे या भागात डॉक्टर होते. आज ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि गेली सहा वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. आजाराच्या सुरुवातीच्या काळात एका सकाळी ते घरातील नवी मोटार घेऊन एकटेच बाहेर पडले. दुपारपर्यंत परतले नाहीत. संध्याकाळी आजऱ्याच्या बाजूच्या एका वाडीवर सापडले. एका रुग्णाला तपासायला ते गेले होते, आणि तो रुग्ण वीस वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या नातवाने अप्पांना ओसरीवर बसवून चहा दिला होता. त्या रात्री मी गाडीच्या किल्ल्या लपवल्या. पुढचे कित्येक महिने अप्पा किल्ली शोधत घरभर फिरत. “बाळ, किल्ली बघितलीस का? पेशंट वाट बघतोय,” असे ते विचारत, आणि मी “बघितली नाही, अप्पा,” असे खोटे सांगत असे.

मेंदूविकारतज्ज्ञांनी मला तेव्हाच समजावले होते की माझा निर्णय योग्य होता. हातापायांनी वर्षानुवर्षे केलेल्या कृती, म्हणजे क्लच दाबणे, गिअर टाकणे, चाक वळवणे, या स्मृतिभ्रंशातही पुष्कळ काळ टिकून राहतात. काल काय घडले याची स्मृती मात्र आधी पुसली जाते. त्यामुळे असा रुग्ण गाडी सुरू करून सफाईने रस्त्यावर नेऊ शकतो. पण आडवे आलेले मूल, बदललेला रस्ता, समोरच्या वाहनाचा वेग यांचा अंदाज त्याला वेळेवर करता येत नाही. हात शाबूत आणि निवाडा दुबळा, अशी ती धोकादायक अवस्था असते. हे सारे मला पटले होते. तरीही ज्या माणसाने मला सायकलपासून मोटारीपर्यंत सर्व काही शिकवले, त्याच्यापासून मी किल्ली चोरली, ही भावना काही केल्या जात नव्हती. एक गाडी पुन्हा उभी करून त्या चोरीची भरपाई करावी, असे माझ्या मनात होते. हे मी तेव्हा कोणाजवळ बोलले नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून एका जाणत्या मिस्त्रींना आम्ही बोलावले. त्यांनी दोन तास शेडमध्ये घालवले. हातात बॅटरी आणि एक पेचकस. गाडीखाली शिरून ते ठिकठिकाणी पेचकसाच्या मुठीने ठोकत आणि कान देऊन आवाज ऐकत. अप्पा रुग्णाच्या पाठीवर बोटांनी ठोकून छाती तपासत, त्याची मला आठवण झाली.

हेराल्डविषयी मिस्त्री उत्साहाने बोलले. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचे हे भारतीय रूप. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ती १९६१ पासून बनवली. मूळ आकार मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराचा. समोरचे बॉनेट दोन्ही मडगार्डांसह अखंड पुढे उलटते आणि सारे इंजिन उघडे पडते. तिची चौकट निराळी आणि वरचे शरीर निराळे असल्याने गंजलेले भाग सुटे करून बदलता येतात. ती आता दुर्मीळ झाली आहे, हे तिचे मोठे मोल. भावाचाही कल तिच्याकडेच होता.

अँबेसिडरपाशी आल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. “ताई, ही वरनं हत्तीगत दिसती, पण खाली चाळण झालीया. बूडच गेलंय बघा.” पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात, ती अडचण नव्हती. अडचण निराळीच होती. या गाडीला स्वतंत्र चौकट नसते. तळ, बाजू आणि छप्पर मिळून जो सांगाडा होतो तोच सारा भार पेलतो. तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या की वरून कितीही रंग चढवला तरी गाडी आतून पोकळच राहते. आमच्याकडचा पाऊस आणि शेडमधली ओल यांनी तीस वर्षांत ते काम पुरे केले होते.

फियाटचा सांगाडाही त्याच जातीचा. पण अप्पांनी दर उन्हाळ्यात तिच्या तळाला डांबराचा हात दिला होता आणि ती विटांवर चढवून ठेवली होती. तिचे इंजिन जाम झाले होते, नळ्या कुजल्या होत्या, उंदरांनी आसने पोखरली होती. पण बूड शाबूत होते. मात्र तिला दुर्मीळ कोण म्हणणार? मुंबईच्या कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने सर्वांनी पाहिलेली. त्या टॅक्सीदेखील २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. “पैसा घालायचा तर हेराल्डमध्ये घाला,” असे मिस्त्रींनी जाताना सांगितले.

मी एका कागदावर तीन रकाने आखले. मोल, अवस्था, आठवणी. हेराल्ड दोन रकान्यांत पुढे होती. तिसऱ्या रकान्यात फियाट पुढे असणार असे मी गृहीत धरले होते; अप्पांच्या आठवणी फियाटमध्येच असणार ना! तरी खात्री करावी म्हणून एका सकाळी, त्यांचे चित्त शांत असताना, मी त्यांना शेडमध्ये नेले. आई काठी टेकत मागून आली.

अप्पांनी अँबेसिडरकडे पाहिले नाही. हेराल्डला वळसा घातला. फियाटच्या दारावर त्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. माझा जीव वरखाली होत होता. आता ते चालकाच्या जागी बसतील, किल्ली मागतील आणि मला पुन्हा नाही म्हणावे लागेल, ही भीती. पण अप्पा गाडीच्या पुढून वळून डाव्या बाजूस गेले, दार उघडून आत बसले आणि मांडीवर दोन्ही हात असे ठेवले, की जणू त्यांवर बॅग आहे. मग त्यांनी आईकडे पाहिले आणि म्हणाले, “चल गं. उशीर होतोय.”

आईने काठी माझ्या हाती दिली. एक हात छपराच्या कडेला धरून ती चालकाच्या आसनावर बसली. आसनाची फाटकी गादी, त्यावर उंदरांचा कचरा. तिला त्याचे काही वाटले नाही. तिचा डावा हात चाकाच्या दांड्यावरील गिअरकडे आपोआप गेला. तिने क्लचवर पाय ठेवून गिअर पुढे-मागे करून पाहिला आणि म्हणाली, “दुसरा अजून अडकतोच.”

एकूणऐंशी वर्षांची माझी आई. दोन्ही गुडघ्यांनी थकलेली. सहा वर्षे अप्पांना भरवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री चार-चार वेळा उठणारी. आणि मला एकाएकी आठवले, की ही गाडी अप्पांइतकीच तीही चालवत असे. मी दहा वर्षांची असताना, १९७७ साली, ती मोटार शिकली. दिवसभर दवाखाना चालवून थकलेल्या अप्पांना रात्री-बेरात्री बोलावणे येई; त्यांना वाटेत डुलकी लागू नये म्हणून तिने किल्ली स्वतःकडे घेतली. हिरण्यकेशीला पाणी चढलेले असताना, बैलगाडीच्या वाटेने, पदर खोचून ती गाडी नेत असे. अप्पा आत रुग्णाला तपासत आणि ती बाहेर अंधारात थर्मास घेऊन बसे. अशी पंधरा-सोळा वर्षे. पुढे उत्पन्न वाढले, चालक ठेवला गेला, आणि आईचे चालवणे थांबले. ते कोणी थांबवले असेही नाही. घरात त्याविषयी एक वाक्यही कधी बोलले गेले नव्हते.

त्या दिवशी शेडमध्ये मी तिला विचारले, “आई, तुला आवडायचं का गं गाडी चालवणं?”

“आवडायचं म्हणजे? येताना हे झोपलेले असायचे. रस्ता मोकळा. सबंध दिवसात तेवढा एकच तास माझा असायचा,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, तक्रारीचा लवलेशही नसलेल्या आवाजात, “पण ते कधी कोणी विचारलंच नाही.”

माझ्या कागदावरील तीनही रकाने त्या वाक्यासरशी निरर्थक झाले. अप्पांसाठी काय चांगले, अप्पांना काय आठवेल, अप्पांचे मी काय हिरावले, याच प्रश्नांभोवती मी सहा वर्षे फिरत होते. घरात दुसरेही एक माणूस आहे, अप्पांच्या आजाराचा सर्वांत मोठा भार ते वाहते आहे आणि त्याचेही काही हरवले आहे, हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. तिची प्रकृती विचारताना मी गुडघे आणि रक्तदाब एवढेच विचारत असे.

आम्ही फियाट निवडली.

भावाला मी सर्व सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “आई रात्री गाडी घेऊन जायची ते मला आठवतं. मी खिडकीत बसून दिवे दिसायची वाट बघायचो.” हेराल्डचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. ती आम्ही पुण्याच्या एका हौशी माणसाला दिली. त्याच्या हातून ती उभी राहील. अँबेसिडरची नोंदणी रीतसर रद्द करून सांगाडा मोडीत घातला. पण तिचे मागचे लांब आसन ठेवून घेतले. सुताराकडून त्याला लाकडी बैठक करून घेतली आणि ते व्हरांड्यात मांडले. बैठकीची उंची आईच्या गुडघ्यापेक्षा किंचित जास्त ठेवली, कारण आसन गुडघ्याच्या खाली गेले की उठताना सारा ताण दुखऱ्या सांध्यांवर येतो.

फियाटचे काम अकरा महिने चालले. घरात वृद्ध असताना असे काम काढणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवातील काही गोष्टी नोंदवते. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे रंग खरवडण्याचे काम घराच्या आवारात होऊ दिले नाही. तसेच जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून काढावी आणि अस्तरे नवी घालावीत. इंधनाच्या सर्व रबरी नळ्या बदलल्या, कारण आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलपुढे जुने रबर टिकत नाही आणि गळती म्हणजे आगीला आमंत्रण. बंद शेडमध्ये इंजिन कधीही सुरू ठेवू नये; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हृदय वा फुप्फुसे दुबळी असलेल्या माणसाला तो फार लवकर बाधतो. आमच्या गाडीला मुळात सीटबेल्ट नव्हते. मिस्त्रींनी तळाला लोखंडी पट्टी जोडून ते पुढे व मागे पक्के बसवले. त्याविना अप्पांना आत बसवायचे नाही, हा माझा एकमेव हट्ट होता.

गाडीत बसण्या-उतरण्याची रीत फिजिओथेरपिस्टने आम्हा तिघांना शिकवली. आधी गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. आसनाची कड पायांना मागून लागली की स्थिर आधार धरून बसायचे. दार धरायचे नाही, कारण दार हलते. मग डोके वाकवून दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. उतरताना हेच उलट क्रमाने. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला या सूचना एका वेळी एकच द्याव्यात आणि ती पुरी झाल्यावर पुढची द्यावी.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळते. भाच्याने तो आग्रह धरला होता. पण २०२१ च्या त्या नियमांनुसार अशी गाडी मेळावे, प्रदर्शने, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. आम्हाला गाडी मिरवायची नव्हती, फिरवायची होती. म्हणून साधीच नोंदणी, तपासणी करून घेऊन आणि पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी वाढवून घेतली.

गेल्या दिवाळीच्या आधी गाडी घरी आली. त्या दिवशी काही चमत्कार घडेल अशी माझी सुप्त अपेक्षा होती, हे मान्य केले पाहिजे. इंजिनचा आवाज ऐकून अप्पा दचकले, आत जाऊन पलंगावर बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती कोणाची गाडी आहे, असे त्यांनी विचारले. जुन्या वस्तू, जुने गंध, जुने आवाज यांच्या सोबतीने अशा रुग्णांना काही काळ शांती लाभते, बोलणे सुचते. पण त्याने आजार मागे फिरत नाही, आणि प्रत्येक दिवशी ती मात्रा लागू पडेलच असेही नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितले होते; गाडीमुळे ते कळले.

तरी आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ती वेळ येते. अप्पा व्हरांड्यातल्या अँबेसिडरच्या आसनावर बसलेले असतात आणि विचारतात, “व्हिजिट आहे का?” पूर्वी मी म्हणत असे, “अप्पा, तुम्ही आता निवृत्त झालात.” त्यावर ते कष्टी होत. आता आई म्हणते, “आहे की. चला.” मी चालक. अप्पा डाव्या बाजूला, मांडीवर रिकामी बॅग. आई मागे. गावाबाहेर उसाच्या मळ्यांपर्यंत वीस मिनिटांची फेरी, वेग चाळिसाच्या आत. अप्पांनी एकदाही किल्ली मागितली नाही. किल्लीची चोरी मी इतकी वर्षे मनात धरून बसले होते. पण या गाडीतील त्यांची जागा, निदान रात्रीच्या प्रवासात, डावीकडेच होती. ते विश्वासाने डोळे मिटून बसत, आणि आजही बसतात.

आई स्वतः रस्त्यावर गाडी चालवत नाही. तिच्या परवान्याची मुदत केव्हाच संपली आहे आणि गुडघे ब्रेक वेळेवर दाबू देतील असा तिला भरवसा नाही. हा निर्णय तिचा तिने घेतला. या वेळी तिला विचारले गेले होते. पण मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अप्पांपाशी एक प्रशिक्षित मदतनीस बसते. हीही गाडीचीच देणगी म्हणायची. त्याआधी आई परक्या माणसाला घरात घेऊ देत नसे. त्या दोन दुपारी आई आणि मी दोघीच फियाट घेऊन बाहेर पडतो. ती माझ्या शेजारी बसते. कधी संकेश्वरपर्यंत जातो, कधी नदीकाठी नुसते उभे राहतो. थर्मास बरोबर असतो.

वाटभर तिचे लक्ष माझ्या डाव्या हाताकडे असते. परवा चढावर गिअर बदलताना गाडीने हिसका दिला, तेव्हा ती म्हणाली, “घाई करू नकोस. दुसरा अडकतो, त्याला जरा वेळ दे.” मी वेळ दिला. गिअर पडला आणि गाडी चढ चढू लागली.